बंगळूरच्या झाडांत माझा नंबर नववा

आधीच कबूल करून टाकते, बंगळूरला मी गेले ती 'नाही' म्हणायचं ठरवूनच. पर्समध्ये मुख्याध्यापकांच्या नावाचं पत्र घडी घालून ठेवलं होतं. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, खाली सही. 'सदर जबाबदारी प्रकृतीच्या कारणास्तव मला झेपणार नाही.' प्रकृती अगदी ठणठणीत होती. खचलं होतं ते माझं धाडस.

कराडजवळच्या ज्या शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते, तिच्या मागे चार एकरांची जुनी बाग आहे. आंबा, फणस, जांभूळ, एक प्रचंड चिंच. बागेच्या मालकांनी, म्हणजे आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं, ती शाळेला द्यायची तयारी दाखवली. अट एकच होती, मुलं दर आठवड्याला तिथे गेली पाहिजेत. जून उजाडायच्या आत हे सुरू झालं नाही तर ते बाग विकून मोकळे होणार, आणि घेणारे तिथे प्लॉट पाडणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मुलांना नेणार कोण? विज्ञानाची शिक्षिका मी एकटीच.

एरवी मी नाचत गेले असते. पण आदल्या वर्षी सहावीची सहल गावामागच्या डोंगरावर नेली असताना स्वरा नावाची मुलगी माझ्या हातून हरवली. पावणेदोन तास. सापडली ती एका करवंदीच्या जाळीमागे, अंगाला ओरखडासुद्धा नाही. तिच्या घरचे मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण ते पावणेदोन तास माझ्या पोटात तसेच राहिले. त्यानंतर मी मुलांना शाळेच्या फाटकाबाहेर म्हणून नेलं नाही.

आमचे मुख्याध्यापक जाधव सर मात्र चिवट. बंगळूरच्या बाहेरच्या एका वृक्षोद्यानात शाळेच्या मुलांना झाडांमध्ये नेऊन शिकवतात असं त्यांना कुठूनसं कळलं होतं. म्हणाले, "बाई, चार दिवस बघून या. आल्यावर हो म्हणा, नाही म्हणा, मी एक अक्षर बोलणार नाही." मी लगोलग पत्र लिहून पर्समध्ये टाकलं. आल्याआल्या द्यायचं आणि सुटायचं.

यशवंतपूर ते सर्जापूर रोड

जानेवारीतली बंगळूरची सकाळ आपल्या महाबळेश्वरासारखी असते असं मला सांगितलेलं होतं, म्हणून मी दोन स्वेटर घालून यशवंतपूर स्टेशनवर उतरले आणि पहिल्या दहा मिनिटांत एक काढला. न्यायला माझा मामेभाऊ अमोल आला होता. तो सर्जापूर रोडला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. त्यानं आधी मला एका कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या उभ्या तट्टे इडली खायला घातली. तट्टे म्हणजे ताट. इडली खरोखरच बशीएवढी, वर लोण्याचा गोळा. मी वाढणाऱ्याला "अजून थोडी चटणी" म्हटलं, त्यानं "स्वल्प?" विचारून अर्धी वाटी ओतली. तिथलं स्वल्प मोठ्या मनाचं आहे.

"किती लांब आहे रे तुझं घर?" मी गाडीत विचारलं.

"ताई, इथे असं नाही विचारायचं," अमोल म्हणाला. "ॲक्च्युअली इथे विचारायचं, किती वाजता निघालात. त्यावर डिपेंड आहे."

आम्ही साडेआठला निघालो होतो, ती वेळ चुकीची होती. त्या प्रवासाबद्दल मी काही लिहीत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. आम्ही नुसते बसलो होतो.

अमोलच्या सोसायटीच्या फाटकावर माझा फोटो काढला, फोनवर आलेला आकडा विचारला आणि मग मला चौदाव्या मजल्यावर जाऊ दिलं. गावात मी कुठे जाते ते कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं. इथे विचारतात आणि तरीही कुणाला माहीत नसतं. पण त्या फाटकाचं मला मनापासून कौतुक वाटलं. म्हटलं, असं एक फाटक डोंगराला असतं तर!

झाडांमध्ये, पहिला दिवस

वृक्षोद्यान म्हणजे फुलांचे ताटवे आणि कारंजी असं डोळ्यांपुढे आणू नका. तिथे फक्त झाडं आहेत. कुणी एके काळी देशोदेशीची रोपं आणून हारीनं लावली. आता ती वर एकमेकांत मिसळली आहेत आणि प्रत्येकाच्या बुंध्याला पत्र्याची छोटी पट्टी आहे. आपण कैलासपती म्हणतो ते झाड तिथे नागलिंग. आपला करंज तिथे होंगे. महोगनीच्या सालीवर लहान लहान खवले, अर्जुनाची साल गुळगुळीत, हात फिरवत राहावी अशी.

तिथे मला सुमित्राअक्का भेटल्या. वय पासष्टीच्या पुढे, कॉटनची साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी. आधी एका कारखान्यात ड्राफ्टिंगच्या खात्यात होत्या, निवृत्त झाल्यापासून इथे मुलांना फिरवतात. त्यांचं घराणं मूळचं आपलं, पण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं.

"आमच्या मराठीला हसू नको गं," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "एवढ्या पिढ्या इथेच, स्वल्प कन्नड आत येणारच की. सरी, तुझा फोन दे."

सरी म्हणजे बरं, हे कळलं; फोन कशाला ते कळेना. तिथला रिवाजच तसा आहे. बरोबर आलेल्या मोठ्या माणसांचे फोन एका स्टीलच्या डब्यात जातात आणि डबा कचेरीत राहतो. फोन हातात असला की मोठी माणसं झाडाचा फोटो काढतात आणि झाड बघायचं राहून जातं, असं अक्कांचं म्हणणं. कचेरीच्या बाईंकडे आणि प्रत्येक वाटाड्याकडे एक बिनतारी यंत्र असतं, तेवढं पुरतं म्हणे. मी फोन दिला, पण दागिना उतरवून दिल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी सर्जापूर रोडच्याच एका मोठ्या शाळेची चाळीस मुलं आली होती. बसमधून उतरताना प्रत्येकाच्या हाताला जंतुनाशक चोळलेलं. मातीत बसायला सांगितलं तर अर्ध्यांनी रुमाल अंथरले. अकरा वाजेपर्यंत रुमाल कुठे गेले होते कुणास ठाऊक, कारण सगळी कार्टी एका रेन ट्रीखाली पाठीवर पसरून वरच्या फांद्या बघत होती. एक गलेलठ्ठ पोरगी तर घोरायलाच लागली.

बघायला फार छान होतं, पण मला काही दिसलं नाही. मी मोजत होते. एकोणचाळीस, चाळीस. परत पहिल्यापासून. कुणी झाडाआड गेलं की मी दोन पावलं पुढे सरकायची.

दुपारी डबे उघडले तेव्हा अक्कांनी विचारलं, "कितीदा मोजलंस?"

"नाही हो, सहज..."

"मी बघत होते की. अकरा वेळा." त्यांनी माझ्या पानात पुळियोगरेचा, म्हणजे चिंचभाताचा ढीग वाढला. "काय झालं होतं गं?"

मी सांगितलं. करवंदीच्या जाळीपर्यंत सगळं. पत्राचंही सांगितलं. अक्कांनी ना धीर दिला, ना उपदेश केला. बोटं चाटून म्हणाल्या, "उद्या तू मोजायचं नाहीस. उद्या तू मोजली जाशील."

दुसरा दिवस, नंबर नऊ

दुसऱ्या दिवशी यशवंतपूरकडच्या एका कन्नड शाळेच्या चाळीस मुली आल्या. निळे फ्रॉक, लाल रिबिनी, तेल चापून घातलेल्या वेण्या. आईबाप तिकडच्या बाजारात आणि कारखान्यांत कामाला. ह्यांना रुमालबिमाल लागले नाहीत. बसमधून उतरताच दोघी झाडावर होत्या.

आठ आठ मुलींचे पाच गट झाले. आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. तिथे मोठी माणसं मुलांना मोजत नाहीत. मुलं स्वतः मोजतात. प्रत्येकीला एक नंबर, आणि आपल्या आधीची कोण, नंतरची कोण, एवढंच लक्षात ठेवायचं. वाटाड्या थांबला की पहिली म्हणते "ओंदु", दुसरी "एरडु", मग "मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु". साखळी तुटली की तिथेच कळतं कोण नाही, आणि तिच्या आधीचीला विचारायचं की ती शेवटी कुठे दिसली. बस्स.

"आणि तू ओंबत्तु," अक्का मला म्हणाल्या. "नऊ."

"मी कशाला?"

"तू काय झाड आहेस?"

माझ्या आधीची, म्हणजे एंटु, चैत्रा नावाची दहा वर्षांची किडकिडीत मुलगी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जबाबदारी अंगावर पडल्यासारखा सुस्कारा सोडला. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड. पहिल्या दोन थांब्यांवर मी लाजत पुटपुटले, "ओंबत्तु." तिला ते पसंत पडलं नाही. हात उंचावून तिनं खूण केली, मोठ्यानं!

मग महोगनीखाली सालीचे ठसे घ्यायचं काम होतं. बुंध्यावर कागद धरायचा, वरून खडू आडवा घासायचा, सालीची नक्षी कागदावर उतरते. चैत्राचा कागद फाटला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी पर्समध्ये चाचपलं आणि हाताला लागला तो कोरा दिसणारा कागद तिला दिला. दिल्यावर कळलं, ते माझं पत्र होतं. तोवर तिच्या जांभळ्या खडूनं अर्धी महोगनी त्याच्या पाठीवर उतरवली होती. असू दे, म्हटलं, रात्री दुसरं लिहीन.

तिथून निघालो तेव्हा मी सवयीनं मागे वळून पाहिलं. लांब, दोन बुंध्यांच्या मधे, लाल रिबीन दिसली. निळा फ्रॉक. एकटी.

कुणाला काही न सांगता मी धावले. गटात आठही जणी होत्या की नव्हत्या हे पाहायचं भानही राहिलं नाही. रिबिनीपाशी पोचले तर तिच्या पलीकडे तिचा अख्खा गट वारुळाभोवती उकिडवा बसलेला, त्यांचा वाटाड्या वाळवी दाखवत होता. ती मुलगी त्यांची होती. मी हसल्यासारखं केलं आणि परत फिरले.

परत कुठे? बांबूच्या बेटापाशी वाट फुटत होती. येताना मला फाटा दिसलाच नव्हता. मी डावीकडे गेले. महोगनी आली नाही, तळ्याचा काठ आला. मागे फिरले, तर बांबूचं बेट दुसरंच. पट्ट्या वाचल्या, सगळी लॅटिन नावं. एरवी शाळेत तीच फळ्यावर मोठ्या ऐटीत लिहिते मी.

फोन डब्यात. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं विज्ञान. आणि मी झाडांत हरवले होते.

आता खरं ते लिहिते. थोड्या वेळानं मला आवाज येत होते. मुलींचं हसणं, मधेच अक्कांचं "सरी, सरी". फार लांब नव्हते ते. एक हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण मी मारली नाही. कशी मारणार? मोठी बाई, पाहुणी, शिकायला आलेली, आणि काय ओरडायचं, मी हरवले? दहा वर्षांच्या पोरी हसतील. अक्का म्हणतील, बघा. मी एका झाडाला टेकून गुपचूप उभी राहिले आणि ठरवलं की कुणाला न कळता आपली वाट आपणच शोधू. त्याच क्षणी मला करवंदीची जाळी आठवली. तिच्यामागे उकिडवी बसलेली स्वरा आठवली. ती सापडल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले तेही आठवलं. "हाक मारता येत नव्हती का गं तुला?" आणि उत्तराला मी थांबलेच नव्हते.

तेवढ्यात झाडांपलीकडून मोजणी ऐकू आली. "ओंदु. एरडु. मूरु." माझे कान तिकडे. "आरु. एळु. एंटु." मग काहीच नाही.

शांत.

परत पहिल्यापासून. ओंदु, एरडु... एंटु. परत शांत. आणि मग एक चिरका, खणखणीत आवाज, एकटाच.

"ओंबत्तु मिऽऽस!"

मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ओरडले नसेन. "ओंबत्तु! ओंबत्तु!" घसा बसला माझा. झाडांतून पावलं वाजली आणि पुढे चैत्रा, तिच्यामागे बाकीच्या सातजणी, शेवटी अक्का. चैत्रानं मला शेवटी कुठे पाहिलं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. महोगनी, मग मी मागे बघितलं, मग मी पळाले. तिथपासून ती आली होती. कुणी हसलं नाही. कुणी कुठे गेला होतात म्हणून विचारलं नाही. चैत्रानं माझं बोट धरलं, "बन्नि मिस," म्हणजे 'या मिस' म्हणाली, आणि ओळीत मला आपल्या मागे उभं केलं. मग अक्का म्हणाल्या, "सरी, परत मोजा." आम्ही मोजलं. मी नऊ म्हटलं आणि तिथेच मला रडू कोसळलं. दुःखाचं नव्हे, सुटल्याचं. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं.

"किती वेळ झाला?" मी डोळे पुसत विचारलं.

"बारा मिनिटं असतील," अक्का म्हणाल्या. "तुला कितीचं वाटलं?"

निघताना चैत्रानं तो कागद मला परत द्यायला आणला. एका बाजूला महोगनीची जांभळी साल, दुसऱ्या बाजूला माझी सुवाच्य 'प्रकृती'. मी तो तिच्या दप्तरात परत घातला. तिनं दोनदा विचारलं, खुणेनं, नक्की? नक्की म्हटलं.

जयनगर

तिसऱ्या संध्याकाळी अक्कांनी जयनगरला जेवायला बोलावलं. बाजारात माणसांची ही झुंबड, आणि तिथून दोन गल्ल्या आत शिरलं की रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा. अक्का ओट्याशी बसून पावटे सोलत होत्या. तिथे त्याला अवरेकाळू म्हणतात आणि थंडीत त्याचं वेड लागतं लोकांना. दाणे भिजवून प्रत्येकाचं सालसुद्धा चिमटीत धरून काढतात. आमच्याकडे पावट्याची उसळ सालासकट होते, म्हणून मी आधी मनात हसले. मग आदल्या दिवशीची उरलेली चाखली आणि हसणं मागे घेतलं. मीही चिमटी चालवायला बसले. माझे दाणे सटकून न्हाणीपर्यंत उडत होते.

"अक्का," मी विचारलं, "तुमच्याकडे खरंच कुणी हरवत नाही?"

"हरवतात की. दर महिन्याला कोणीतरी." त्या एकेक दाणा पातेल्यात टाकत होत्या. "रागवायचं नाही एवढंच. एकदा रागावलीस की पुढचं मूल ओरडत नाही बघ."

त्या सहजच बोलून गेल्या. माझा हात मात्र थांबला.

परत

शाळेत गेले तर जाधव सर दारातच. "काय ठरवलंत बाई?"

"नकाराचं पत्र लिहिलं होतं सर. एका मुलीनं नेलं."

सरांना काही कळलं नाही, पण शब्दाला जागून ते एक अक्षर बोलले नाहीत.

पुढचं काम सोपं नव्हतं. स्वरा आता सातवीत होती आणि माझ्या तासाला मागच्या बाकावर बसायची. मधल्या सुट्टीत मी तिला मागच्या कुंपणाशी, बागेतून आत झुकलेल्या चिंचेखाली बोलावलं. तिनं बहुधा आता काय चुकलं याची मनाशी उजळणी केली असावी. मी तिला आधी माझी गोष्ट सांगितली. फोनचा डबा, लाल रिबीन, बांबू, ओंबत्तु. ती आधी ओठ दाबून बसली, मग खुदकन हसली, मग पोट धरून हसली. "बाई, तुम्ही हरवलात?" तिनं तीनदा विचारलं.

मग मी विचारलं, या वेळी उत्तरासाठी थांबून. "तू तेव्हा हाक का नाही मारलीस गं?"

ती चिंचेचा पाला चुरगळत राहिली. "मला तुमचा आवाज येत होता बाई. सगळा वेळ. तुम्ही माझं नाव घेऊन ओरडत होतात. पण फार चिडला होतात. मला वाटलं, राग गेला की जाऊ."

मी तिला जवळ घेतलं. मी चिडले नव्हते गं, घाबरले होते, असं सांगितलं. तिनं मान हलवली. विश्वास बसला की नाही माहीत नाही. तो बसायला वेळ लागेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही बागेत गेलो. आठ जणच, एकच गट. पहिल्यांदा तेवढंच झेपलं मला. माझा फोन सरांच्या टेबलावर, स्टीलच्या डब्यात. मुलांना मी नंबर वाटून दिले, पहिला स्वराला दिला, नववा माझा. फणसाखाली थांबलो आणि मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. माझी नजर जुन्या सवयीनं डोक्यांवरून फिरायला लागली, म्हणून मी वर फणसाकडे बघितलं. लहान लहान कोवळे फणस धरले होते. सहा, सात, आठ.

मग मोजणी थांबली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"बाई," ओळीच्या टोकावरून स्वराचा आवाज आला, मोठा, अगदी न घाबरता. "तुम्ही कुठे आहात?"

"इथेच आहे गं," मी म्हटलं. "नऊ!"